दोरीच्या दिवशी परत गेलेली केबल

मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गंजकी पाटी आहे, ‘खाजगी रस्ता’. रस्ता केवढा, तर सव्वाशे पावलांचा. दोन्ही बाजूंना तीन-तीन घरं आणि शेवटी भिंत. पण तो महापालिकेचा नाही, आमचा आहे. आमच्या आजोबांनी आणि त्यांच्या गिरणीतल्या पाच सोबत्यांनी मिळून हा जमिनीचा तुकडा घेतला होता. सगळे मालवणकडचे. सहा घरं बांधली आणि मधला रस्ता सहा जणांच्या नावावर ठेवला. खड्डा पडला तर आम्हीच बुजवतो, दिवा गेला तर आम्हीच बदलतो आणि बाहेरच्या कुणी गाडी लावली तर आम्हीच भांडतो. भांडायचं खातं बहुतेक माझ्याकडे असतं.

हा मालकीचा तोरा आमच्या अंगाशी आला तो फायबरच्या निमित्ताने. आजूबाजूच्या सगळ्या टॉवरांत फायबर पोचलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन मात्र ते थांबलं होतं. मी कंपनीला फोन केला.

“मॅडम, एरिया फीजिबल आहे,” पलीकडचा मुलगा म्हणाला, “पण रोड प्रायव्हेट दाखवतोय. ओनरची एनओसी लागेल.”

“मीच ओनर.”

“पूर्ण रोडच्या?”

“सहाव्या हिश्श्याची.”

“मग बाकीच्या पाच जणांच्या सह्या आणा ना मॅडम,” असं म्हणून त्याने माझा दिवस चांगला जावो अशी इच्छा व्यक्त केली.

खरं सांगायचं तर फायबर मला नकोच होतं. माझं सगळं मोबाइलवर भागत होतं. हवं होतं ते माझ्या धाकट्या बहिणीला. आई-बाबा गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच आहोत. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. लोक अजूनही आवाज खाली आणून तिला ‘मुकी’ म्हणतात. तिला मुकी म्हणणाऱ्याने एकदा तिच्याशी भांडून बघावं. तिचे हात सुरू झाले की समोरचा गप्प बसतो. लहानपणापासून बाहेरच्या जगाशी तिच्या वतीने मी बोलत आले. बँकेत, दवाखान्यात, वाण्याकडे, सगळीकडे. दोघींचं मिळून एकच तोंड आहे आणि ते माझ्याकडे आहे, असं मी चारचौघांत मोठ्या ऐटीत सांगायची.

एका ऑफिसात तिने एकोणीस वर्षं कॉम्प्युटरवर आकडे भरले. मग एक दिवस ते सोडून ती खुणांची भाषा शिकवण्याचा कोर्स करायला लागली. मी डोक्याला हात लावला. पण वर्षभरात तिने कोर्स पुरा केला आणि एका संस्थेने तिला निवडलं. काम असं की खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये ऐकू न येणारी जी मुलं आहेत, त्यांना घरून व्हिडिओवर शिकवायचं. अट एकच, घरात वायरचं, न अडखळणारं इंटरनेट हवं. एक तास चाचणीचा होता, दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी अकरा वाजता. तो नीट पार पडला तर नोकरी पक्की. नाहीतर यादीतलं पुढचं नाव.

मोबाइलवर भागणार नाही का, असं मी विचारलं होतं. तिने मला शेजारच्या खोलीत पाठवलं, व्हिडिओ कॉल लावला आणि काहीतरी बोलायला लागली. पडद्यावर तिचा चेहरा दिसत होता, पण हात हलले की त्यांचा नुसता पुसट गोळा व्हायचा. आवाज थोडा तुटला तरी आपण अंदाजाने वाक्य पुरं करतो. बोटंच दिसली नाहीत तर काय पुरं करणार? मी मुकाट्याने सह्या गोळा करायला निघाले.

चार सह्या दोन दिवसांत झाल्या. तिसऱ्या घरातल्या वहिनींनी तर मी बोलायच्या आधीच पेन उघडलं, कारण त्यांच्या नातवाने जीव खाल्ला होता. अडलं ते पहिल्या घरात. तिथे काका राहतात. वय ब्याऐंशी, एकटे, मुंबईत जन्मभर राहूनही बोली मालवणीच. रस्त्याचे ते स्वयंघोषित राखणदार. माझ्या बहिणीने प्रत्येकाला खुणेचं एकेक नाव ठेवलेलं आहे. काकांचं नाव म्हणजे दोन्ही हातांनी हवेत मारलेली एक गाठ. त्याचं कारण असं, की गल्लीची दोरी काकांकडे असते.

ही दोरी काय ते सांगायला हवं. आजोबांच्या काळी कुणा वकिलाने या सहा जणांना सांगितलं होतं, की खाजगी रस्ता लोकांना कायम उघडा ठेवला तर तो हळूहळू सार्वजनिक होतो, म्हणून वर्षातून एक दिवस तो बंद ठेवत जा. हे कायद्यात कुठे लिहिलंय ते आजवर कुणी पाहिलेलं नाही. पण दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आमच्या गल्लीच्या तोंडाला काथ्याची दोरी बांधली जाते. त्या दिवशी बाहेरचं कुणी आत येत नाही. पेपरवालासुद्धा पेपर दोरीवरून फेकतो. आत रस्त्यावर खुर्च्या मांडल्या जातात, काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे होतात आणि दिवसभर नुसता गोंधळ असतो. मला हा दिवस दिवाळीपेक्षा आवडतो.

ही दोरी राखणाऱ्या माणसाकडे मी रस्ता खोदायची परवानगी मागायला गेले होते.

“आज पाइप घालतले,” काका म्हणाले, “उद्या म्हणतले, रस्तो आमचो. मगे काय करशीत?”

आठवडाभर मी त्यांच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी आमच्या बाईसाहेब, म्हणजे बहीण, स्वतः गेल्या. काय बोलली कोण जाणे. काकांना खुणा येत नाहीत आणि तिचं लिहिणं त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. तासाभराने ती कागद फडकवत परत आली. सहीच्या वर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘सिमेंट न फोडता, गटाराच्या भिंतीलगत, मालकांच्या मेहेरबानीने.’ मी कागद पाठवला. कंपनीने सोमवारची तारीख दिली. शुक्रवारच्या तासाला चार दिवस शिल्लक. माझा जीव भांड्यात पडला.

त्या सोमवारच्या आदला दिवस म्हणजे दोरीचा रविवार.

साडेअकराची वेळ असेल. काका दोरीपाशी खुर्ची टाकून बसले होते. मी आतल्या बाजूला उसळीचं पातेलं घेऊन वाढत होते. बहीण वर गॅलरीत कपडे वाळत घालत होती. माझं लक्ष वर गेलं तेव्हा ती कठड्यावरून अर्धी बाहेर वाकून माझ्याकडे बघत जोरजोरात हात करत होती. मला वाटलं, उसळ उरली आहे का ते विचारतेय. मी तळहात दाखवून ‘थांब’ म्हटलं आणि वहिनींच्या ताटात दुसरा वडा टाकला. ती काय म्हणतेय ते मी बघितलंच नाही. खुणांच्या भाषेत न बघणं म्हणजे न ऐकणं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

एवढ्यात काका उठले, घसा साफ केला आणि आनंदाने ओरडले, “दोघांका परत धाडलंय! शिडी घेऊन इल्ले. म्हटलंय, आज साक्षात कमिशनर इलो तरी सोडूचंय नाय!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. एका हातात डाव होता, म्हणून मांडीवर थाप मारली.

बहीण जिना उतरून धावत दोरीपर्यंत गेली, तोवर त्या दोघांची स्कूटर मुख्य रस्त्याला लागली होती. स्कूटरवर शिडी होती, आणि मागच्या माणसाच्या मांडीवर केबलचं काळं गुंडाळं. तिने वरून त्यांच्या शर्टावरचं कंपनीचं नाव वाचलं होतं. दुसरीकडचं काम लवकर संपलं म्हणून ते बिचारे एक दिवस आधी आले होते. दहा मिनिटांत माझ्या फोनवर संदेश आला : ‘आमचे कर्मचारी आपल्या पत्त्यावर आले असता ग्राहकाने प्रवेश नाकारला. आपली विनंती रद्द करण्यात आली आहे.’ मी कंपनीला फोन केला. पुन्हा अर्ज चालू करता येईल म्हणाले, पण माणसं बारा दिवसांनी येतील.

बहिणीने मला घरात ओढत नेलं आणि दार लावलं. मी इतकं ओरडले, तू बघितलंस, आणि हात वर केलास, असं ती परत परत म्हणत राहिली. मी सांगायला लागले, की मला वाटलं तू उसळीचं विचारतेयस. तिने डोळे मिटून घेतले. आमच्यातल्या भांडणाचा हा शेवटचा टप्पा असतो. तिने डोळे मिटले की माझ्याकडे दुसरं काही शिल्लक राहत नाही. मी ओरडले तरी ऐकू जात नाही आणि हात हलवले तरी दिसत नाहीत. मी तिच्यासमोर उभी राहून नुसती रडले. तिने डोळे उघडले नाहीत.

मग मी जाऊन काकांवर तोंडसुख घेतलं. तुमच्या त्या दोरीपायी पोरीची नोकरी गेली, वगैरे जे तोंडाला येईल ते. त्यांनी ऐकून घेतलं.

“परत मी धाडलंय, खरा,” ते म्हणाले. “पण टाळी कोणी वाजवली?”

मी पुढे न भांडता घरी परतले. असं क्वचित होतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता दार वाजलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, तोही खोचून. “चला गो दोघी. ते खय गेले ते शोधूया.”

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मुख्य रस्त्यावरच्या नव्या टॉवरच्या गेटापाशी तीच शिडी उभी होती आणि ते दोघे केबलच्या गुंडाळ्यांवर बसून चहा पीत होते. त्यातला थोराड होता तो नाहूरचा, मराठी बोलणारा. काकांना बघून त्याने कप खाली ठेवला.

“काय काका? काल तर हाकललंत. आज इकडूनपण हाकलायला आलात का?”

काकांनी हात जोडले. “चुकला माझा,” ते म्हणाले. पन्नास वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलेलं नव्हतं.

तो माणूस ओशाळला. “अहो काका, पाप लागेल मला. माझं काय जातंय, पण ॲपवर केस रद्द दाखवते ना. रद्द झालेली केस एकदम मागे जाते. तिकीट नसताना मी केबल वापरली तर माझी वाट लागेल. नवीन कस्टमर असेल तर उद्या येतो बघा. नव्याला चोवीस तासांत द्यायचं, असं वरून आहे.”

बहिणीने माझी बाही ओढली. काय म्हणतोय? मी तोंड उघडलं होतं त्याच्याशी हुज्जत घालायला. ते मिटलं आणि त्याचं बोलणं तिला सगळं सांगितलं, शब्द न गाळता, ‘वाट लागेल’सकट.

तिने क्षणभर विचार केला. मग काकांकडे बोट दाखवलं. मग हवेत एकामागून एक सहा छपरं काढली आणि त्या सहांभोवती एक मोठं गोल रिंगण.

रिंगण म्हणजे पत्ता, मी त्या दोघांना उलगडून सांगितलं. आमच्या सहाही घरांचा पत्ता एकच आहे. जमीन एक, सर्व्हे नंबर एक, पाटी एक. पोस्टमन चेहऱ्यांवरून पत्रं वाटतो. काकांच्या नावाने नवीन अर्ज केला, तर त्या पत्त्यावर ज्या दारी काका म्हणतील त्या दारी केबल येणार.

“डोकॅलिटी आहे ताईंना,” नाहूरवाला म्हणाला. “मालकाने सांगितलं त्या खोलीत लावायचं, हे तर आमचं कामच.”

अर्ज तिथेच टपरीवर भरला. काकांकडे बटणांचा फोन. त्यावर आलेला नंबर त्यांनी डोळ्यांपासून हातभर लांब धरून असा खणखणीत वाचला, की रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्यांनी माना वळवल्या.

“हळू हो काका, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो!”

“तुकाच सांगतंय मा!”

मंगळवारी ते दोघे आले. काका सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी त्यांची वाट बघत होते. पाइप गटाराच्या भिंतीलगत गेला, सिमेंट फुटलं नाही, आणि प्रत्येक खिळा काकांच्या डोळ्यांदेखत ठोकला गेला. आमच्या व्हरांड्यात नाहूरवाल्याने केबल सोलून आतली काच काढली, केसासारखी बारीक. काका चष्मा पुसून वाकले.

“आणि ह्याच्यातसून सगळा जाता?”

“सगळं जातं काका.”

“बापरे,” म्हणाले, आणि चष्मा पुन्हा पुसून आणखी खाली वाकले.

दुपारी दीडला इंटरनेटच्या डबीवरचा हिरवा दिवा लागला. बहिणीने पहिला कॉल पार्ल्याच्या शाळामैत्रिणीला केला. एकेक बोट दिसत होतं, अंगठीसुद्धा. दोघी तीन तास बोलत होत्या. मी दोनदा चहा नेऊन ठेवला, दोन्ही गार झाले. तिसऱ्यांदा मुद्दाम रेंगाळले, पण माझ्या पदरात काही पडेना. त्यांचे हात इतके भरभर चालले होते की चारातलं एखादं वाक्य मला लागत होतं. माझ्याशी बोलताना ती मुद्दाम सावकाश बोलते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. थोडं टोचलं. पण ती खोखो हसत होती, आणि तिला तसं हसताना बघून बरंही वाटलं.

शुक्रवारी मी इस्त्रीची साडी नेसून तिच्या खोलीत जाऊन बसले. तिने आश्चर्याने बघितलं. म्हटलं, काही अडलं तर मी आहे. बस, ती म्हणाली, पण कॅमेऱ्यात येऊ नकोस. मी कपाटापाशी स्टुलावर बसले. तिथून मला पडदाही दिसत होता आणि तीही.

अकराला पडद्यावर शाळेची एक खोली उघडली. मागे फळा, बाजूला एक शिक्षिका, पुढे सतरंजीवर आठ मुलं. पहिला दिवस म्हणून मुलांच्या आयासुद्धा आल्या होत्या, त्या बाहेर ओट्यावर बसलेल्या दाराशी दिसत होत्या. बहिणीने सुरुवात केली. कुठे राहता, घरी कोण, काय खायला आवडतं. पहिली पाच मिनिटं मुलं नुसती बघत होती. मग एक हात हलला, मग दुसरा. मी डबीवरच्या दिव्याकडे बघत होते, तो गेला तर काय करायचं ते ठरवत.

पुढे बसलेली एक मुलगी, सात-आठ वर्षांची, लाल रिबिनीच्या दोन वेण्या, कशालाच उत्तर देत नव्हती. टक लावून बहिणीकडे बघत होती. अर्ध्या तासाने ती उठून पडद्याच्या अगदी जवळ आली. तिच्या खुणा घरच्याघरी बनवलेल्या होत्या, पण मलाही समजल्या. तिने स्वतःच्या कानाला हात लावून मान हलवली. मग बहिणीकडे बोट दाखवलं, हात डोक्याच्या वर उंच नेला आणि परत कानाला लावला.

तुम्ही एवढ्या मोठ्या झालात, तरी ऐकू येत नाही?

बहीण जराही गडबडली नाही. नाही येत, ती म्हणाली. मग सावकाश, माझ्याशी बोलते त्याहूनही सावकाश, तिला सांगत गेली. मलाही वाटायचं, मोठी झाले की ऐकू येईल. रोज सकाळी उठून बघायचे. नऊ वर्षांची होईपर्यंत वाट बघितली. नाही आलं. मग शिकले, कामाला लागले, आणि आता तुझी बाई झाले.

मी तिच्याहून पाच वर्षांनी मोठी. आम्ही एका गादीवर झोपायचो. तिच्या वतीने सगळं बोलायची ती मी, आणि ती रोज सकाळी उठून काय बघत होती हे मला त्या शुक्रवारी, स्टुलावर बसून, पहिल्यांदा कळलं. 

 ती मुलगी एकदम वळली आणि पडद्यातून नाहीशी झाली. मला वाटलं, लाइन गेली. पण दिवा हिरवा होता. बाकीची सात मुलं दिसत होती, मागचा फळा स्वच्छ दिसत होता.

मग ती दारातून परत आली. आईचा पदर दोन्ही मुठींत धरून तिला ओढत आणत होती. बाई लाजत होती, डोक्यावरचा पदर सावरत होती. मुलीने तिला पडद्यासमोर उभं केलं, माझ्या बहिणीकडे बोट दाखवलं, आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवून आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आईने बराच वेळ बहिणीला नीट न्याहाळलं, आणि मग ती तिथेच सतरंजीवर मुलीच्या शेजारी बसली.